बावीस थरांची वाकळ

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी वाकळ घर बदलायची. बावीस वर्षांपूर्वी बंगळुराजवळच्या येलहंक्याच्या जुन्या गावात मानसिंग आणि रघुजी या दोघा भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली, तेव्हा भांडी वाटली, खाटा वाटल्या, नारळ वाटले. पाटा थोरल्याकडं आणि वरवंटा धाकट्याकडं गेला. आईची वाकळ तेवढी उरली. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून तिला कात्री लावायचं धाडस कुणाला झालं नाही. तिथल्या मराठी समाजातले वडीलधारे फत्तेसिंगमामा मधे पडले. एक वर्ष थोरल्याकडं, एक वर्ष धाकट्याकडं, आणि देताना दुरुस्त करून द्यायची, असं त्यांनी ठरवून दिलं. चहा पिऊन मामा घरी गेले आणि गोष्ट मिटली असं त्यांना वाटलं.

भाऊ एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नसत. त्यामुळं वाकळ मागच्या परसातल्या छातीएवढ्या भिंतीवरून यायची आणि जायची. यंदा ती मानसिंगकडं यायची होती. बंगालच्या उपसागरात कुठंतरी वादळ बसलं होतं आणि बंगळुरात चार दिवस बारीक, न थांबणारा जिटीजिटी पाऊस लागला होता. परसात चिखल, हवेत गारठा. पल्याड रघुजी स्टुलावर चढला. अल्याड मानसिंगनं हात पसरले.

"अहो, एकटं नका घेऊ. मी पण धरतो," सगुणाबाई म्हणाली. त्यांच्या घरात बायकाही 'करतो, जातो'च म्हणत.

"चौतीस वर्षं कारखान्यात आगगाडीची चाकं हलवलीत," मानसिंग म्हणाला. "सरक तू स्वल्प."

रघुजीनं ढकलली. वाकळ मानसिंगच्या छातीवर आली आणि तो तिच्यासकट चिखलात बसला. बसला तो उठेना. कंबरेत काहीतरी कट् झालं होतं.

"अण्णा, मिळाली काय?" पल्याडून रघुजीनं विचारलं.

"मिळाली," मानसिंग वाकळीखालून म्हणाला.

त्याला उठवायला सगुणाबाई, मुलगा गिरीराज आणि रस्त्यावरचा एक रिक्षावाला लागला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि पंधरा दिवस सपाट झोपायला सांगितलं. गिरीराज बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत होता आणि त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्यानं वजनकाटा आणला, आधी एकटा उभा राहिला, मग वाकळ कवटाळून उभा राहिला.

"सतरा किलो आठशे," तो म्हणाला. "गॅसच्या सिलिंडरात चौदा किलो असतो आई. मी ब्लँकेट मागवतो, उद्या येईल."

"माझ्या आईची वाकळ हाय ती," मानसिंग पलंगावरून म्हणाला. "घाला माझ्या अंगावर."

घातली. ऊब चांगली आली. चार वाजता चहा आला तेव्हा मानसिंगला हात बाहेर काढता येईना. सगुणाबाईनं कोपरा उचलून त्याचा एक हात मोकळा केला. तेवढ्या हातानं तो चहा प्यायला, आणि चहाशी भांडल्यासारखं तोंड करून म्हणाला, "रघ्यानं मुद्दाम टाकली."

आता ही वाकळ इतकी जड का झाली, हे त्या दोन घरांत दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. ती म्हणजे सगुणाबाई आणि तिची धाकटी जाऊ संयोगिता. देताना दुरुस्त करून द्यायची, असं मामा म्हणाले होते. किती दुरुस्त करायची ते म्हणाले नव्हते. पहिल्या वर्षी सगुणाबाईनं जुन्या लुगड्याचा एक अख्खा थर वर घालून, सगळीकडून धावदोरा मारून वाकळ दिली. दुसऱ्या वर्षी संयोगितानं त्यावर आपला थर घातला. तिसऱ्या वर्षी सगुणाबाईनं तिचा थर झाकला. मग दरसाल तेच. जिच्याकडं वाकळ असायची तिला वर्षभर जावेचे टाके उरावर घेऊन झोपावं लागायचं, आणि देताना ती ते झाकून टाकायची. अकरा थर हिचे, अकरा तिचे. गेल्या पाच-सहा वर्षांत सुई तळापर्यंत पोचतच नव्हती. अंगुस्तान घालून ढकलली तरी मधेच मोडायची आणि तिचं टोक आतच राहायचं. पण माघार कुणी घ्यायची?

मानसिंगच्या कंबरेचं रघुजीला कळलं तेव्हा तो भिंतीशी आला. काळजीनंच आला होता. पण तोंडातून भलतंच निघालं.

"वहिनीनं जड केली म्हणून झालं हे."

"तुझ्या बायकोनं काय पिसं भरली काय त्यात?" मानसिंग खिडकीतून ओरडला. ओरडल्यानं कंबर दुखली, आणि कंबर दुखल्यावर तो आणखी ओरडला.

तासाभरात फत्तेसिंगमामांना बोलावणं गेलं. मामा ऐंशीचे. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता मुलगा बघायचा. मामांना दुकानात काही करू देत नसत, म्हणून न्यायनिवाड्याला ते लगेच यायचे. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी वाकळीवर हात ठेवला, उचलून पाहिली, उचलली नाही.

"बावीस वर्षं सांभाळली, पुष्कळ झालं," ते म्हणाले. "येत्या रविवारी पौर्णिमेची गडबड हाय. त्याच्या पुढच्या रविवारी येतो. दुकानातली मोठी कात्री आणतो. मधोमध कापू. अर्धी याला, अर्धी त्याला. सरी?"

"सरी," मानसिंग म्हणाला.

"सरी," रघुजी दाराबाहेरून म्हणाला. उंबरा त्यानं ओलांडला नव्हता.

दोघंही इतक्या चटकन हो म्हणाले की मामांनाच जरा वाईट वाटलं. सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बावीस वर्षं ती त्या वाकळीवर भांडत शिवत आली होती, पण दुपारच्या वेळी पाय पसरून, मांडीवर कोपरा ओढून, टाक्यामागं टाका घालत बसणं हेच तिच्या दिवसातलं सगळ्यात सुखाचं काम होतं. कात्री मधून गेली की सगळे दोरे दोन्हीकडून सुटणार होते. महिन्याभरात दोन घरांत दोन चिंध्यांचे ढीग उरले असते. तिला कुणी विचारलं नाही. वाकळ आईची होती आणि वाटणी मुलांची होती, त्यात सुनांचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढचं दार वाजलं. संयोगिता होती. हातात छोटी कात्री, ब्लेड आणि चष्म्याची डबी. या दारात ती बावीस वर्षांनी आली होती.

"अक्का," ती म्हणाली, "कापली तर सगळं उसवतंय."

"ठाऊक हाय."

"त्यापरीस आपणच उसवू. थर वेगळे करू. दोन वाकळा होतात. मामाची कात्री मामाकडं राहू दे."

सगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. बाई जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. भिंतीवरून नुसतं पदर घेतलेलं डोकंच दिसायचं, त्यात हे कळलं नव्हतं.

"चहा पितीस काय?"

"आधी दोन ओळी उसवू. मग पितो."

पुढच्या खोलीत वाकळ पसरली तेव्हा खोलीच संपली. गिरीराजनं लॅपटॉप उचलून गच्चीच्या जिन्यावर ऑफिस थाटलं. दोघी समोरासमोर बसल्या आणि वरचा थर सोडवायला लागल्या. ब्लेडनं एक टाका तोडायचा, नखानं दोरा उचलायचा, ओढायचा. वर्षांची धूळ नाकात जायची. एक शिंकली की दुसरी थांबायची आणि मग दुसरी शिंकायची. गुडघे आखडायचे, पायाला मुंग्या यायच्या. उठताना सगुणाबाई भिंत धरायची आणि संयोगिता सगुणाबाईला धरायची.

पहिले तीन थर निघेपर्यंत दोघी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या थराला संयोगिताला राहवलं नाही.

"हे टाके कुणाचे? बेडकानं उड्या मारल्यात."

"मोतीबिंदू झाला होता त्या वर्षी," सगुणाबाई म्हणाली.

"अय्यो. कुणी सांगितलं नाही."

"भिंतीवरून काय सांगायचं?"

संयोगितानं तो दोरा हळू ओढला. पुढच्या थराला सगुणाबाई म्हणाली, "हे तुझं बारीक हाय बघ. तेव्हाच बघितलं होतं. मुद्दाम जाड कापड घालून झाकलं." संयोगिता हसली आणि मग शिंकली.

भिंतीपल्याड रघुजीला दोन वेळा उप्पिट्टू स्वतः करून खावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते घेऊन तो उंबरा ओलांडून भावाकडं आला, कारण एकट्याला जात नव्हतं. मानसिंगला सपाट पडूनच खायचं होतं. रघुजी चमच्यानं भरवत होता आणि दोघं एकमेकांशी न बोलता छताकडं पाहत होते. उप्पिट्टूत मीठ नव्हतं. तेही कुणी बोललं नाही.

त्याच दिवशी समोरच्या नव्या अपार्टमेंटातल्या नीलाताई आल्या. सांगलीच्या, नवरा पद्माकर संशोधन संस्थेत. माहेरची एक विरलेली गोधडी त्यांना सगुणाबाईकडून दुरुस्त करून हवी होती. वाकळीचं रणांगण पाहून त्या दारातच बसल्या.

"मी पण स्लो स्टिचिंग करते," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन कोर्स केला. खूप थेरप्युटिक असतं ना? म्हणजे घाई नाही, डेडलाइन नाही."

"आमचं पण स्लोच हाय," सगुणाबाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली. डेडलाइन तेवढी रविवारची हाय. ब्लेड धरता येतंय?"

नीलाताईंना एक कोपरा मिळाला. कोर्समध्ये टाके घालायला शिकवले होते, काढायला नाही, पण बाईचा हात हलका होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणली, तिसऱ्या दिवशी आपली गोधडी आणली. थरातून थर निघत होते. गिरीराजचा शाळेचा गणवेश, रघुजीच्या बसच्या नोकरीतले शर्ट, जुने पडदे, गणपतीच्या मखराचं कापड. मोडक्या सुयांची टोकं नऊ निघाली. नीलाताईंनी ती मोजून कागदात बांधली आणि टीबॅगच्या डबीत ठेवली.

शनिवारी दुपारी तळाकडून तिसरा थर आला. तो खाकी होता. मानसिंगच्या कारखान्याच्या पँटी, पाय कापून जोडलेल्या. खिशांच्या शिवणी तशाच दिसत होत्या. संयोगिताचं ब्लेड थांबलं.

"हा माझा," सगुणाबाई खाली बघून म्हणाली.

"ठाऊक हाय. याच्या खाली माझ्या लग्नाची साडी हाय."

नीलाताईंनी एकीकडून दुसरीकडं पाहिलं.

"त्या वर्षी काय घालावं कळेना," संयोगिता सांगायला लागली, ती नीलाताईंना सांगतेय असं दाखवून. "सासू गेलेली. वाकळ अक्काकडं जायची. म्हटलं, चांगलं काहीतरी द्यावं. लग्नाची सुती इरकल होती, जांभळी, लाल काठाची. दोन तुकडे करून जोडली. पंधरा दिवस शिवली. पुढच्या वर्षी वाकळ परत आली तर वर पँटी. नवऱ्याच्या. खिशासकट. त्या दिवसापासून बोललो नाही मी."

सगुणाबाईला लाज वाटली. त्या वर्षी वाटली नव्हती, तेव्हा राग होता. धाकटीनं लग्नाची साडी घालून आपल्याला खाली दाखवलं, असंच तेव्हा वाटलं होतं.

"मला वाटलं तू मिरवतीस," ती म्हणाली.

"स्वल्प मिरवत पण होतो," संयोगिता म्हणाली.

तिघींनी मिळून पँटी सोडवल्या. शेवटचा टाका तुटला आणि सगुणाबाईनं खाकी थर बाजूला ओढला. खाली साडी होती. जांभळा रंग कालच रंगवल्यासारखा होता. ऊन लागलं नव्हतं, धुणं लागलं नव्हतं, कुणाचा पाय लागला नव्हता. लाल काठाचा एक धागासुद्धा फिका नव्हता. संयोगितानं तिच्यावर तळवा फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पँटींनी राखलं बघ," सगुणाबाई म्हणाली, आणि तिलाही रडू आलं, आणि रडता रडता तिघी हसायला लागल्या. पलीकडच्या खोलीतून मानसिंगनं काय झालं म्हणून विचारलं. त्यावर तिघी आणखी हसल्या.

खाली सगुणाबाईचा पहिला थर. त्याच्याखाली सासूबाईंची वाकळ. दोघींनी पदर नीट केले, कारण शेवटी सासू होती. थर उचलला. आत काहीच नव्हतं. कसरीनं खाल्लेली जाळी होती. हात लावला की तिचा भुगा व्हायचा. बावीस वर्षांत एकीवर एक थर चढत गेले आणि मधली म्हातारी केव्हाच विरून गेली होती. सगळं गोळा केलं तेव्हा पितळी वाटीभर भुरा झाला.

"दोघं भाऊ याच्यासाठी भांडत होते?" नीलाताईंनी विचारलं.

"ते ज्याच्यात झोपत होते ते आमचं होतं," संयोगिता सावकाश म्हणाली. तिलाही ते तेव्हाच कळत होतं.

वाटी खिडकीत ठेवली. पुढचे आठ दिवस दोघींनी दोन वाकळा मांडल्या. एक थर हिचा, एक तिचा, असे मिसळून. सध्या लांब लांब टाके घालून थर धरून ठेवायचे, बारीक शिवण मग वर्षभर चालू दे, असं ठरलं. वरचा थर कुणाला कुठला, यावर मात्र जुनी खुमखुमी परत आली.

"साडी तुझ्या वाकळीला घे," सगुणाबाई म्हणाली.

"नको. ती तुझ्याकडं वर असू दे. मला पँटी दे."

"पँटी?"

"पँटींनी राखली नव्हे? मग त्या माझ्याकडं. हे झोपू देत भावाच्या पँटीखाली."

कामाला आता घाई नव्हती तरी दोघी सकाळी भांडी आवरून बसायच्या ते चार वाजता उठायच्या. पाऊस थांबला होता. दारातून ऊन मांडीवर यायचं. कधी कधी एक ओळ उगीच उसवून परत घालायच्या, कारण लवकर झालं तर संयोगिताला घरी जावं लागलं असतं.

कात्रीचा रविवार आला. मामा कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मानसिंग पट्टा बांधून पहिल्यांदाच खुर्चीत बसला होता आणि रघुजी, रोज उप्पिट्टू आणून आणून सवय झाल्यानं, त्याच्याशेजारीच बसला होता. सगुणाबाईनं आणि संयोगितानं दोन वाकळा आणून समोर पसरल्या.

मामांना आधी आनंद झाला आणि मग कात्रीकडं बघून थोडं वाईट वाटलं.

मानसिंगनं वाकून जांभळ्या वाकळीचा वास घेतला. कंबर कळवळली तरी घेतला. "हिच्यात आई हाय," तो म्हणाला. "वास येतोय."

रघुजीनं खाकीचा वास घेतला. "नाही अण्णा. हिच्यात हाय."

"तुझ्या नाकाचं काय सांगतोस. ती इकडं सरकव."

"तुमाला साडीची मिळाली ना. परत आई पण तुमालाच?"

मामांनी वर्तमानपत्र उलगडायला सुरुवात केली. ते पाहून सगुणाबाई पुढं झाली आणि कधी नव्हे ते पुरुषांच्या बोलण्यात बोलली.

"दोन्हीत आई नाही," ती म्हणाली. "आईंची वाकळ कधीच विरली. हे सगळं आमच्या दोघींच्या हातचं. बावीस वर्षं तुमी आमच्या वाकळीत झोपालाय आणि वास आईचा घेतालाय."

मानसिंगनं लहान मुलासारखं विचारलं, "मग आई कुठं गेली?"

"वाटीभर उरल्या होत्या. खिडकीत ठेवल्यात," म्हणून सगुणाबाई आणायला गेली. खिडकीत वाटी होती. वाटीत काही नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या नीलाताईंचा चेहरा पडला. "अहो, ती... तो भुरा? माझ्या गोधडीत एका ठिकाणी पोकळ झालं होतं. मला वाटलं, आता तो तुम्हाला नकोच असेल. परवा भरून शिवून टाकलं मी."

संयोगितानं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते.

"कितवा मजला?" मानसिंगनं विचारलं.

"चौथा."

मानसिंग उठला. रघुजीनं न विचारता त्याचा दंड धरला. पट्टा बांधलेला थोरला आणि उप्पिट्टूच्या डागाचा शर्ट घातलेला धाकटा, दोघं रस्ता ओलांडून गेले, मागून नीलाताई. रविवारी दुपारी पद्माकर अर्ध्या चड्डीवर गोधडी ओढून झोपला होता. डोळे उघडले तर पायथ्याशी दोन म्हातारे हात जोडून उभे.

"उठू नका सर," रघुजी हळू आवाजात म्हणाला. "झोपा तुमी. आमची आई हाय ती."

पद्माकरनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं मान हलवली, म्हणून तो तसाच झोपून राहिला. मानसिंगनं गोधडीचा काठ डोळ्यांना लावला.

परत येताना दोघं लिफ्टमध्ये शिरले.

"आई बरी हाय अण्णा," रघुजी म्हणाला. "उंचावर हाय. ऊन येतंय."

"हूं," मानसिंग म्हणाला. तळमजला आल्यावर त्यानं विचारलं, "मग घरात त्या दोन हायेत, त्या कुणाच्या?"

रघुजीनं विचार केला. "बायकांच्या."

"म्हणजे मागायला लागतंय."

"लागतंय."

घरी आले तेव्हा मामा कात्री घेऊन निघून गेले होते. दारात ऊन आलं होतं आणि दोन्ही जावा एकाच वाकळीच्या दोन बाजूंना बसून बारीक धावदोरा घालत होत्या. भाऊ उंबऱ्याबाहेर थांबले. एकमेकांकडं पाहून कुणी बोलायचं ते ठरेना. शेवटी थोरला होता म्हणून मानसिंगनं घसा खाकरला.

"थंडी हाय," तो म्हणाला. "रात्री पांघरायला एकेक मिळेल काय?"

सगुणाबाईनं जावेकडं पाहिलं. जावेनं दोरा ओढला आणि तिच्याकडं पाहिलं.

"थांबा," सगुणाबाई म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे. मग विचार करून सांगतो."

ओळ लांब होती. दोघं भाऊ पायरीवर शेजारी शेजारी बसून राहिले.